विश्लेषण : ऊसतोडीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला; पैसे कोणाच्या खिशातून गेले?

ऊसतोडणी मजुरांच्या दराचा सध्याचा तीन वर्षांचा करार २०२५-२६ च्या गळीत हंगामाबरोबर संपतो. पुढच्या हंगामाआधी संघटना आणि साखर कारखाने पुन्हा समोरासमोर बसतील. मागच्या करारात संघटनांनी ३४ टक्के दरवाढ मिळवली होती. या वाढीने मजुराच्या हाती किती पडले, कारखान्यावर किती बोजा आला आणि तो बोजा शेवटी कोणी उचलला, याचा हिशेब नव्या बोलणीआधी मांडून पाहायला हवा.

हा हिशेब मांडायला पंढरपूर तालुक्यातील करकंब हे योग्य ठिकाण आहे. विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखान्याचे दुसरे युनिट इथे आहे. आसपासचे शिवार उसाचे. हंगामात मराठवाड्यातून टोळ्या येतात, माळावर कोप्या उभ्या राहतात आणि रात्री उशिरापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग सुरू असते. कामगार, शेतकरी आणि कारखाना हे तिघेही एकाच परिसरात, आणि संघटनेच्या प्रत्येक निर्णयाचा परिणाम तिघांवरही.

*करार नेमका काय आहे?*

उसाची तोडणी हे टनावर मोजले जाणारे काम आहे. दर राज्यभरासाठी एकच ठरतो. एका बाजूला राज्य सहकारी साखर कारखाना संघ, दुसऱ्या बाजूला ऊसतोडणी मजूर, मुकादम आणि वाहतूकदारांच्या संघटना बसतात. बोलणी अडली की राजकीय नेत्यांचा लवाद मार्ग काढतो. गोपीनाथ मुंडे यांच्या काळापासून ही पद्धत रुळली आहे.

२०१५ मध्ये २० टक्के वाढ ठरली. २०२० मध्ये १४ टक्के वाढ झाली आणि टनाचा दर सुमारे २७३ रुपयांवर गेला. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस, ऐन हंगामात, 'कोयता बंद' आंदोलन झाले. त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या उपस्थितीत ३४ टक्के वाढीवर तडजोड झाली. दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. मुकादमाचे कमिशनही एक टक्क्याने वाढून २० टक्के झाले.

म्हणजे टनामागे मजुरीत ९३ रुपयांची वाढ. एका झटक्यात एवढी वाढ कोणत्याही एका टोळीने स्वतःच्या बळावर मिळवली नसती. ती राज्यभरातल्या कोयत्यांनी एकाच वेळी काम थांबवल्यामुळे मिळाली.

*संघटनेशिवाय दर का वाढला नसता?*

बाजाराचा साधा नियम असा की माणसे कमी पडली की मजुरी वाढते. उसाच्या फडात हा नियम पूर्ण चालत नाही. त्याचे कारण 'उचल'.

पावसाळ्यात घरात पैसा नसतो. लग्न, आजारपण, पेरणी, जुने देणे यासाठी मजूर मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल कोयत्यामागे मिळते. ती फिटेपर्यंत दुसऱ्या कारखान्याकडे जाता येत नाही. शेजारच्या कारखान्यावर दहा रुपये जास्त मिळतात हे कळूनही उपयोग नसतो. अर्थशास्त्रात ज्याला खरेदीदाराची मक्तेदारी म्हणतात, तिचाच हा एक प्रकार. श्रम विकणारे लाखो असतात, पण प्रत्येकासाठी घेणारा एकच असतो.

अशा बाजारात संघटना दर वाढवते तेव्हा रोजगार घटतोच असे नाही. दर मुळातच दाबलेला असतो, तो थोडा वर येतो एवढेच. मजूर ऊस सोडून जाऊ शकत नाही, पण उभा ऊसही फार काळ थांबू शकत नाही. तोडणी लांबली की वजन आणि उतारा घटतो, गव्हाण रिकामी राहिली की कारखान्याचा रोजचा खर्च अंगावर येतो. संघटनेची ताकद नेमकी इथे असते. म्हणूनच आंदोलने उन्हाळ्यात न होता हंगामाच्या तोंडावर किंवा मध्यावर होतात.

*एकाच गेटला दोन प्रकारचे कामगार कसे?*

साखर कारखान्याच्या गेटच्या आत काम करणाऱ्या कामगाराचे चित्र वेगळे आहे. कायम आणि हंगामी कामगारांची नावे हजेरीपटावर असतात. त्यांचे वेतन कामगार संघटना, साखर संघ आणि सरकार यांच्या त्रिपक्षीय समितीत ठरते. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, हंगामाबाहेरचा रिटेन्शन भत्ता या गोष्टी त्यांना लागू आहेत. एप्रिल २०१९ पासूनच्या पाच वर्षांसाठी त्यांना १२ टक्के, तर एप्रिल २०२४ पासूनच्या पाच वर्षांसाठी १० टक्के वाढ मिळाली.

गेटच्या बाहेर, काट्यावर गाडी आणणारा किंवा फडात कोयता चालवणारा माणूस मात्र कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाला पैसे देतो, मुकादम टोळी आणतो. मजुराला काम कोणत्या गटात, कोणत्या दिवशी हे कारखान्याचा शेती विभाग सांगतो. वजन कारखान्याच्या काट्यावर होते. पण मालक कोण, असे विचारले तर प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो.

इथे एक प्रश्न साहजिक पडतो. आतल्या कामगाराला पाच वर्षांसाठी १० टक्के देताना दमछाक होते, मग बाहेरच्याला तीन वर्षांसाठी ३४ टक्के कसे मान्य झाले? एक कारण उघड आहे : तोडणीचा मूळ दर इतका कमी होता की टक्केवारी मोठी दिसते. यंत्राने तोडणी केली तर टनाला त्याहून बराच जास्त दर द्यावा लागतो, हा संघटनांचा मुद्दाही बिनतोड होता. पण दुसरे कारण हिशेबाच्या वहीत दडलेले आहे.

*वाढ कोणाच्या खिशातून गेली?*

केंद्र सरकार उसाला 'एफआरपी' म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर ठरवते. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये दर आहे. उतारा साडेनऊ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ३,२९० रुपये ५० पैसे. हा दर कारखान्याच्या गेटवर पोहोचलेल्या उसाचा आहे. ऊस फडातून गेटपर्यंत आणण्याचा खर्च शेतकऱ्याचा. महाराष्ट्रात तोडणी आणि वाहतूक कारखाना करून देतो आणि तो खर्च शेतकऱ्याच्या बिलातून वजा करतो.

थोडक्यात, ३४ टक्क्यांचे पैसे कारखान्याच्या नफ्यातून गेले नाहीत. ते बहुतांशी ऊस उत्पादकाच्या बिलातून गेले.

करकंब शिवारातील एका शेतकऱ्याचे उदाहरण घेऊ. समजा त्याचा एकरी ४० टन ऊस निघतो. जुन्या दराने २७३ रुपये मजुरी आणि त्यावर १९ टक्के कमिशन धरले तर टनाला सुमारे ३२५ रुपये होत होते. नव्या दराने ३६६ रुपये आणि २० टक्के कमिशन मिळून सुमारे ४३९ रुपये होतात. फरक टनाला ११४ रुपये, एकरी साडेचार हजारांहून थोडा अधिक. वाहतुकीचा खर्च यात धरलेलाच नाही.

याच काळात एफआरपीही वाढली, हे खरे. २०२३-२४ मध्ये १०.२५ टक्के उताऱ्याचा दर ३,१५० रुपये होता, तो दोन वर्षांत ४०० रुपयांनी वाढला. पण खत, वीज, पाणी, मशागत यांचा वाढता खर्च त्याच चारशे रुपयांतून भागवायचा आहे.

आणि बिलात न दिसणारा खर्च वेगळाच. ऊस वेळेवर तुटावा म्हणून टोळीला द्यावी लागणारी 'खुशाली' आणि वाहनचालकाची 'एन्ट्री' हे शब्द ऊस पट्ट्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाहीत. याविरुद्ध साखर आयुक्तालयाने वेळोवेळी सूचना काढल्या आहेत. दर वाढला की खुशाली थांबेल, अशी शेतकऱ्यांची अपेक्षा होती. ती थांबवण्याची जबाबदारी मात्र करारात कोणावरच टाकलेली नाही. टोळीला वाटते दर अपुरा आहे, शेतकऱ्याला वाटते आपण दोनदा पैसे देतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

सहकारी कारखान्याचा सभासद शेतकरीच असतो, त्यामुळे साखर संघ त्याच्याच वतीने बोलतो, असे कागदावर म्हणता येते. प्रत्यक्षात कारखान्याचे हित आणि ऊस उत्पादकाचे हित एकच असते तर एफआरपीसाठी दरवर्षी आंदोलने झाली नसती. दराचा भार ज्याच्यावर पडतो तो शेतकरी दराच्या बोलणीत स्वतंत्रपणे बसलेला नसतो. कारखान्याला होकार देणे सोपे जाते, त्याचे हे दुसरे कारण.

*मजुराच्या हाती किती पडले?*

एक कोयता, म्हणजे नवरा-बायको, दिवसाला साधारण दीड ते दोन टन ऊस तोडतात. तोडणे, पाचट काढणे, मोळ्या बांधणे आणि त्या डोक्यावरून नेऊन वाहनात भरणे हे सगळे त्यात आले. दोन टन धरले तर ३६६ च्या दराने ७३२ रुपये होतात. दोघांत वाटले तर माणशी ३६६ रुपये. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीचा दिवसाचा दर ३१२ रुपये होता. पहाटे अंधारात सुरू होणाऱ्या आणि गाडी भरेपर्यंत न संपणाऱ्या दिवसाचा मोबदला रोजगार हमीपेक्षा ५४ रुपयांनी जास्त आहे. दीड टनच तुटला तर तो २७५ रुपयांच्या आसपास, म्हणजे रोजगार हमीपेक्षाही कमी. जुन्या दराने तर दोन टन तोडूनही माणशी २७३ रुपयेच पडत होते.

म्हणजे संघटनेने मिळवलेली वाढ खरी आहे आणि गरजेचीही होती. रोज दोन टनांच्या हिशेबाने शंभर दिवसांच्या हंगामात एका कोयत्याला साडेअठरा हजारांच्या आसपास जास्त मिळतात. कोरडवाहू घराला ही रक्कम लहान नाही.

पण दर हा उत्पन्नाचा एकच भाग आहे. दुसरा भाग म्हणजे दिवस. २०२३-२४ मध्ये राज्यात सुमारे ११० लाख टन साखर झाली होती. २०२४-२५ मध्ये ऊस कमी पडल्याने ती ८१ लाख टनांच्या आसपास आली आणि बहुतेक कारखान्यांची धुराडी लवकर थंडावली. दर तोच, पण टन कमी. उचल मात्र तेवढीच. जी फिटली नाही ती 'बाकी' म्हणून पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसली. दरवाढीच्या करारात किमान दिवसांची किंवा किमान कामाची हमी नाही, त्यामुळे छोट्या हंगामाचा सगळा धोका मजुराकडेच राहतो.

तिसरा भाग म्हणजे पैसा कोणाच्या हातात पडतो. हिशेब मुकादमाकडे असतो. कोयत्याचे पैसे बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर जमा किंवा वजा होतात. अर्धा कोयता बायको चालवते, पण तिच्या नावाने मजुरीची नोंद होत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. काम बुडाले की दंड, आजारपणाची रजा नाही, आणि पाळीच्या दिवसांतही मोळी उचलावीच लागते, ही त्यामागची परिस्थिती तेव्हा विधिमंडळापर्यंत पोहोचली. टनाचा दर कितीही वाढवला तरी रजेचा दिवस त्यातून निर्माण होत नाही.

*कारखान्याला संघटना परवडते का?*

संघटना म्हणजे व्यवसायावर नुसता बोजा, ही समजूत अपुरी आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ रिचर्ड फ्रीमन आणि जेम्स मेडॉफ यांनी १९८४ मध्ये संघटनांचे दोन चेहरे सांगितले होते. एक चेहरा मक्तेदाराचा : एकजुटीने दर चढवणारा. दुसरा आवाजाचा : कामगाराची तक्रार व्यवस्थापनापर्यंत पोहोचवणारा, त्यामुळे नोकरी सोडून जाणे कमी करणारा. फायदा की तोटा, हे कोणता चेहरा वरचढ ठरतो त्यावर अवलंबून असते.

ऊसतोडीत पहिला चेहरा दिसतो, दुसरा फारसा दिसत नाही. राज्यव्यापी करारामुळे कारखान्यांना एक लाभ नक्की मिळतो : तीन वर्षांचा दर आधीच कळतो आणि टोळ्या पळवण्यासाठी उघड दरयुद्ध होत नाही. पण रोजच्या कामातली तक्रार, जसे की वजन, फड बदलणे, अपघात किंवा पिण्याचे पाणी, ऐकणारी कायमची यंत्रणा फडावर नसते. त्यामुळे असंतोष तीन वर्षे साचतो आणि हंगामाच्या मध्यावर एकदम फुटतो.

उचलीच्या पद्धतीत कारखाना आणि वाहतूकदारही सुखी नाहीत. मुकादमाने लाखोंची उचल घ्यायची आणि टोळी आणायचीच नाही, किंवा एकाच टोळीवर दोन कारखान्यांकडून पैसे घ्यायचे, अशा फसवणुकीच्या तक्रारी सोलापूर जिल्ह्यात दर हंगामात होतात. त्यात कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला वाहतूकदार बुडतो. मजुराची अधिकृत नोंद नसण्याची किंमत व्यवसायही मोजतो, ती अशी.

कारखान्यांच्या मर्यादाही लक्षात घ्यायला हव्यात. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये क्विंटलला ३,१०० रुपये ठरला आणि एफआरपी दरवर्षी वाढत असताना तो अनेक हंगाम तिथेच राहिला. ज्या कारखान्यांची आर्थिक घडी विस्कटली, तिथे आतल्या संघटित कामगारांचे पगारही महिनोन्‌महिने थकले. करार कितीही चांगला असला तरी बंद पडलेल्या कारखान्याकडून तो वसूल होत नाही.

*दर वाढला तर यंत्र येणार, ही भीती खरी आहे का?*

खरी आहे, पण अर्धी. राज्य सरकारने २०२३ मध्ये ९०० ऊसतोडणी यंत्रांसाठी अनुदान योजना आणली. यंत्राच्या किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यातील कमी असेल ती रक्कम मिळते. म्हणजे यंत्र केवळ मजुरी वाढल्याने येत नाही. ते सरकारी पैशाच्या आधाराने आणि मजूर कमी पडतात म्हणून येते. बीड, जालना, परभणीकडची शिकलेली पोरे कोयता हाती घ्यायला तयार नाहीत. संघटना नसती तरी ही गळती थांबली नसती.

यंत्राला रुंद सरी, सलग रान आणि वळायला जागा लागते. लहान तुकडे आणि पडलेला ऊस असेल तिथे कोयताच लागतो. त्यामुळे पुढची काही वर्षे दोन्ही सोबत चालतील. मात्र मोठ्या, सपाट रानांतले काम यंत्राकडे जाईल आणि अवघड फड माणसाकडे राहतील. म्हणजे टनाचा दर तोच राहिला तरी दिवसाला तुटणारे टन कमी होतील. अवघड फडासाठी वेगळा दर, हा मुद्दा त्यामुळे पुढच्या करारात महत्त्वाचा ठरेल.

संघटनेने ताकदीचा अंदाज चुकवला तर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्या आधीच जुनाट झाल्या होत्या, यंत्रमाग स्वस्तात कापड विणत होते आणि गिरणीपेक्षा तिच्याखालच्या जमिनीची किंमत वाढत चालली होती. मालकाला गिरणी बंद राहणे परवडत होते, कामगाराला नव्हते. साखर कारखान्याचे तसे नाही. उभा ऊस आणि रिकामी गव्हाण त्याला परवडत नाही. म्हणून ऊसतोडीतले आंदोलन काही दिवसांत मिटते. पण कारखान्यांकडे यंत्रे जसजशी वाढतील, तसतसे हे गणित बदलत जाईल.

*सोलापूरच्या विडी कामगारांनी काय वेगळे केले?*

उत्तराचा एक भाग सोलापूर शहरातच आहे. विडी वळणाऱ्या बायकाही विखुरलेल्या, नगावर मजुरी घेणाऱ्या आणि ठेकेदाराच्या साखळीत अडकलेल्या होत्या. 'त्या आमच्या कामगार नाहीत, घरी बसून काम करतात,' हा मालकांचा युक्तिवाद होता. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही कामगार मानले. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना भविष्य निर्वाह निधी लागू असल्याचा निर्वाळा दिला.

एकदा ओळख पक्की झाली की पुढची दारे उघडली. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील संघटनेने कुंभारी येथे कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची विडी कामगार वसाहत उभी केली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प हाती घेतला. त्यातील पंधरा हजार घरांचे वितरण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. विडीची मजुरी आजही फार नाही आणि तो व्यवसाय आक्रसतो आहे. तरीही घर मालकीचे झाले, आणि संघटनेने मिळवलेले हे उत्पन्न कोणत्याही मजुरीच्या तक्त्यात दिसत नाही.

माथाडी कामगारांचे उदाहरणही असेच. १९६९ च्या कायद्याने हमाल आणि व्यापारी दोघांचीही मंडळाकडे नोंदणी केली. मालक बदलला तरी मजुरी मंडळामार्फत मिळते आणि निधी जमा होत राहतो. 'मालक कोण' या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही तरी काम अडणार नाही, अशी सोय त्यात आहे. माथाडी मंडळांबद्दलच्या तक्रारीही आहेत. नोंदणी एकाची आणि काम दुसऱ्याचे, दादागिरीने वसुली, असे आरोप उद्योगांनी वर्षानुवर्षे केले आहेत. ऊसतोडीसाठी तसे काही उभे करताना या चुका टाळाव्याच लागतील.

*कायदे आणि महामंडळ असूनही अडते कुठे?*

ऊसतोडणी मजूर कायद्यांच्या फटीत सापडला आहे. १९७९ चा स्थलांतरित कामगार कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडहून पंढरपूर तालुक्यात येणारा मजूर घरापासून शेकडो किलोमीटर दूर असला तरी त्या कायद्याच्या लेखी स्थलांतरित नव्हता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेनुसार आस्थापनेच्या हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी करणारी संघटना ठरते. संपाआधी नोटीस बंधनकारक आहे. गेटच्या आतल्या कामगारांना हा नियम लागू करणे शक्य आहे. ज्यांचे नाव हजेरीपटावरच नाही, त्यांचे ५१ टक्के कसे मोजायचे?

राज्यात ऊसतोडणी मजूर किती, याचेही ८ ते १२ लाख असे अंदाजच दिले जातात. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये आणि तेवढीच रक्कम राज्य सरकारने द्यायची आहे. वर्षाला ८५० लाख टन गाळप धरले तरी कारखान्यांचाच वाटा ८५ कोटी होतो. निधीचा मार्ग आहे. तो ज्याच्यापर्यंत पोहोचवायचा त्याची पक्की यादी ही खरी अडचण आहे.

*मग पुढच्या करारात काय हवे?*

संघटनांनी पुन्हा टक्केवारीवरच लढाई केली तर ३४ च्या जागी दुसरा आकडा येईल. पैसे पुन्हा शेतकऱ्याच्या बिलातून जातील, मुकादमाचे कमिशन त्याच प्रमाणात फुगेल आणि मजूर पुढच्या वर्षी पुन्हा उचल घेईल. दरवाढ हवीच, कारण आजचा दर रोजगार हमीच्या आसपास घोटाळतो. पण तिच्यासोबत चार गोष्टी लिहून घेतल्या नाहीत तर वाढीचा अर्धा उपयोग वाया जाईल.

पहिली, प्रत्येक मजुराची नोंद आणि ओळखपत्र, नवऱ्याचे वेगळे आणि बायकोचे वेगळे. काट्यावरच्या पावतीवर वाहनाचा क्रमांक येतो, तसा टोळीतील कोयत्यांचा क्रमांक आणणे अशक्य नाही. दुसरी, मजुरी दोघांच्या स्वतंत्र खात्यांत आणि उचलीचा हिशेब लेखी. तिसरी, हंगाम आखडला तर किमान दिवसांचे संरक्षण. त्यासाठी कल्याण निधीचा वापर होऊ शकतो. चौथी, दराच्या बोलणीत ऊस उत्पादकांचे स्वतंत्र प्रतिनिधी आणि वाढीचा काही वाटा कारखान्याने स्वतः उचलण्याचे बंधन. पैसे देणारा बोलणीत असेल तर खुशालीचा प्रश्नही त्याच टेबलावर येईल आणि तिचा बंदोबस्त कोणी करायचा हे लिहून ठेवावे लागेल.

यातली पहिली गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि उरलेल्या तिन्ही तिच्यावर अवलंबून आहेत. कारखान्यांना फसवणूक टाळण्यासाठी ती हवी आहे, शेतकऱ्याला खुशालीचा जाब विचारण्यासाठी, आणि संघटनेला आपले सभासद मोजून दाखवण्यासाठी. पुढच्या हंगामात करकंबच्या काट्यावर गाडी उभी राहील तेव्हा तिचे वजन, तिचा क्रमांक आणि ऊस कोणत्या गटातला हे पावतीवर छापलेले असेल. तो ऊस तोडणाऱ्या दोघांची नावेही त्या पावतीवर आली, तर संघटनांनी दरवाढीपेक्षा मोठे काही मिळवले असे म्हणता येईल.